उजवा खांदा खाली

अनिसने अफरीनला ऐकवलेलं पहिलं वाक्य असं होतं : "तुमची शिडी चुकलीय."

सकाळचे पावणेआठ. आठची कंपनीची बस गाठायला तो घराबाहेर पडला, तर बापाच्या गॅरेजच्या भिंतीला शिडी, आणि शिडीवर एक मुलगी. ओढणी कमरेला खोचलेली, गालावर पिवळ्या रंगाचा ठिपका. कोवळं ऊन नेमकं त्या ठिपक्यावर येऊन बसलेलं. दुसऱ्या कुणाला काहीतरी सुचलं असतं. अनिस क्वालिटी इन्स्पेक्टर होता.

"शिडीचे पाय भिंतीच्या फार जवळ आहेत. उलटेल."

"मग धरा की..."

"माझी बस आहे."

"मग पडते मी. तुम्ही जा."

त्याने तिला खाली उतरवलं, शिडी सरकवली, दोनदा हलवून पाहिली आणि बसकडे चालू लागला. मागे वळून न बघता. नऊ वर्षांत त्याची बस चुकली नव्हती. एका ठिपक्यासाठी ती चुकवण्याइतका तो बेजबाबदार नव्हता.

कुरणवाडी म्हणजे चाकणच्या कंपन्यांच्या मधोमध राहिलेलं गाव. शेतं गेली, खोल्या झाल्या, भाडेकरू आले आणि गाव तीन शिफ्टांत वाटलं गेलं. नवरा यायचा तेव्हा बायको निघायची. पारावर बसायला माणूस उरला नाही. कुत्री बसत, तीही पाळीपाळीनं. गावात जरा जीव यावा म्हणून पंचायतीनं भिंती रंगवायचं काढलं आणि देहूरोडहून अफरीनला बोलावलं. पंचायतीच्या मनात मोर होता. अफरीनने मात्र बायकांना पारावर गोळा करून विचारलं, "काय काढू?"

"आमची माणसं काढ," गॅरेजसमोरच्या घरातली गोजाबाई म्हणाली.

"तोंडं काढू?"

"तोंड कुटं दिसतंय, बाई? कामाला जाताना पाठ दिसती तेवढी. पाठच काढ."

ठरलं. दहा भिंती, दहा पाठी. बायका रोज पारावर येऊ लागल्या, आपापल्या नवऱ्यांच्या पाठींवरून भांडू लागल्या. नांदेडहून आलेल्या एका भाडेकरणीनं नवऱ्याचं टक्कल टोपीखाली झाकून मागितलं. गावातल्या दोघी मग तिला वाण द्यायला तिच्या खोलीवर गेल्या. कुत्र्यांना दुसरी जागा बघावी लागली.

अनिस रोज संध्याकाळी कंपनीतून आला की न सांगता शिडी धरायचा.

"साहेब, रंग कसा वाटतोय?"

"सगळीकडे सारखा नाही. खाली गडद झालाय."

"सावली म्हणतात त्याला."

"आमच्याकडे डिफेक्ट म्हणतात."

ती हसायची. शिडी थरथरायची. त्या हसण्याचं माप घेता येईल असं साधन अनिसच्या खिशात नव्हतं... आणि त्याच्या खिशात पुष्कळ साधनं असत.

आठव्या दिवशी वाकडहून एहसान आला. अफरीनचा कॉलेजातला मित्र. दाढी राखलेली, निळा शर्ट, गळ्यात कॅमेरा. भिंतींचे फोटो काढायला आला होता. तो तिला 'अफू' म्हणायचा. अफू बाळगली तर शिक्षा होते हे अनिसला माहीत होतं. तशी हाक मारणाऱ्यालाही व्हावी, असं त्याला फार वाटू लागलं.

नऊ भिंती झाल्या होत्या. दहावी गॅरेजची, पहिल्या दिवशी नुसता पिवळा हात मारून ठेवलेली, आणि तिच्यावर कुणाची पाठ येणार हे अफरीन सांगत नव्हती. गुरुवारी संध्याकाळी अनिस आला, तर एहसान भिंतीकडे तोंड करून उभा. त्याची पाठ बघत बघत ती ब्रश चालवत होती.

"हलू नकोस ना रे... अस्सा."

अनिसला ती एकदाच 'हलू नका' म्हणाली होती, आणि तेही त्याने शिडी धरलेली असताना. तो सरळ घरात गेला. अम्मीनं पुढे ठेवलेला चहा त्याने साय धरेपर्यंत बघितला. परवा काम संपणार होतं. सोमवारपासून ती माण गावच्या भिंतींवर असणार होती, आणि गॅरेजवर कायमची राहणार होती ती निळ्या शर्टातली पाठ. रोज सकाळी निघताना हिलाच सलाम करायचा?

शुक्रवारी सकाळी अफरीन यायच्या आधी त्याने चित्र तपासलं. माप घेतलं. मग खिशातून कंपनीचा लाल स्टिकर काढून भिंतीवर चिकटवला. लाल म्हणजे रिजेक्ट, आणि कारण लिहिल्याशिवाय लाल लावायचा नाही असा नियम. नियमाला तो पक्का. त्याने लिहिलं : 'उजवा खांदा खाली. मान पुढे. माणूस घमेंडखोर दिसतो.'

संध्याकाळी पार गच्च भरलेला. अफरीनच्या बोटावर लाल स्टिकर.

"हे तुमचं?"

"माप चुकलंय."

"नमुना बघून काढलंय."

"मग नमुनाच खराब आहे."

पारावर असा हशा पिकला की गॅरेजमधून त्याचे अब्बा, शफीभाई, हात पुसत बाहेर आले.

"आरं येड्या," गोजाबाई म्हणाली, "उभा ऱ्हा भिंतीकडं तोंड करून."

तो उभा राहिला. तिने केरसुणी आडवी करून त्याच्या खांद्यांवर ठेवली. केरसुणी उजवीकडे घसरून खाली पडली.

"नऊ वर्सं डब्याची पिशवी त्याच खांद्याला! सोताची पाठ वळखंना, आन् म्हनं विन्स्पेक्टर!"

अनिसचे कान त्या स्टिकरहून लाल झाले. "पण... एहसान उभा होता."

"शर्टाच्या चुण्या बघायला," अफरीन म्हणाली. " तुम्ही उभे राहिला असतात? तुमची बस असते."

"माझीच का काढली?"

ती ब्रश पुसत राहिली. "शिडी नीट करून जे गेलात... रोज सकाळी पाठच दिसली. वाटायचं, आज वळेल. आज तरी वळेल..."

मग तिने त्याच्या खिशातून पिवळा स्टिकर काढला आणि त्याच्याच छातीवर चिकटवला. पिवळा म्हणजे रिवर्क, हे त्यानेच तिला शिडी धरता धरता सांगितलं होतं. माल टाकायचा नाही, दुरुस्त होण्यासारखा आहे.

"काय दुरुस्त करू?"

"ते मी कशाला सांगू? इन्स्पेक्टर तुम्ही."

शनिवारी सकाळी अनिस निघाला. पिशवी डाव्या खांद्याला. नाक्यावर बसने हॉर्न दिला. अनिसने एक पाय पायरीवर ठेवला... आणि वळला.

शिडीचे पाय भिंतीपासून अगदी बरोबर अंतरावर होते. अफरीन वर उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

"अहो, बस!"

"जाऊ दे."

तो परत आला. शिडी धरली. खाली बघूनच बोलला.

"माणला शिडी मीच धरणार. सुट्टीच्या दिवशी, सुट्टी टाकून, कसंही. दुसऱ्या कुणी धरलेली... मला चालणार नाही."

"हे प्रेम म्हणायचं की जळणं?"

"दोन्ही. पण पहिलं जास्त."

ती एक पायरी खाली उतरली. "मग धर नीट. हलू नकोस."

पारावर कुणीतरी टाळी वाजवली. गोजाबाईनं तिला गप्प केलं आणि मग स्वतःच वाजवली.

त्या दिवशी अनिस कंपनीच्या गेटवर पंचेचाळीस मिनिटं उशिरा पोचला. वॉचमनने आधी घड्याळाकडे, मग अनिसकडे, मग पुन्हा घड्याळाकडे पाहिलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. 'उशिराचं कारण' असा रकाना होता. अनिस खोटं लिहिणारा नव्हता.

त्याने लिहिलं : रिवर्क.