पुसलेला भंडारा

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी प्रियदर्शनीने पिल्लू उचलले.

विजापूर रस्त्यालगतच्या, ज्वारी निघालेल्या रानात तात्याबा धनगराची मेंढरे बसली होती. कुत्रीला पाच पिल्ले. तात्याबाची बायको केराबाई शेळीच्या धारा काढता काढता म्हणाली, "मानगूट धरून उचल. केकाटत न्हाय ते ने."

चार केकाटली. पाचवे, काळे, नुसते बघत राहिले. त्याच्या कपाळावर काहीतरी पिवळे होते. जखमेवर हळद लावली असेल म्हणून तिने ओल्या रुमालाने पुसले… जखम नव्हतीच.

साडेनऊला तिच्या घराचे फाटक वाजले. उंच, सावळा तरुण. डोळ्यांत संताप.

"पिल्लू कुटं हाय? केराबाईनं तुमचं घर सांगितलं."

"तुम्ही कोण?"

"बिरुदेव. मी भंडारा लावून ठेवलेलं पिल्लू हाय ते. भंडारा लावला की दुसरं कुणी हात लावत न्हाय."

"मला हळद वाटली. पुसली."

"पुसली? आडनाव काय तुमचं?"

"कोळेकर."

"धनगराची पोर, आनि भंडारा वळखंना!"

हे तिला झोंबले. आजोबांनी मेंढरे विकली, वडिलांनी शहर धरले. तिला कुणी काही सांगितलेच नव्हते.

"आवाज खाली! आई बसलीय आत."

त्याने फाटकातून आत पाहिले. घरचा जुना कुत्रा महिन्यापूर्वी गेल्यापासून महानंदाबाई धड जेवत नव्हत्या. आज पायरीवर बसून पिल्लाला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होत्या, आणि हसत होत्या.

"आता नेऊ कसं?" तो आणखीच चिडला.

"नेऊ नका."

"तुमी लई सोपं बोलता."

"आणि तुम्ही लई जोरात."

त्याने हसू दाबले. ते तिने पाहिले. आवडले, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. तो तिचा नंबर घेऊन रिकाम्या हाताने गेला.

सोमवार, मंगळवार, बुधवार, संध्याकाळी त्याचा फोन.

"दूध प्यालं का?"

"प्यालं."

"आनि तुमी?"

"मी दूध पीत नाही."

"जेवलात का, इचारलं."

"तुम्हाला काय करायचंय?" म्हणत ती फोन ठेवत नव्हती…

गुरुवारी बाजारात केराबाई भेटली, तिच्याकडून सगळे कळले. बिरुदेवचा कुत्रा म्हातारा, दात पडलेला. सोमवारी पहाटे लांडग्याने दोन कोकरे नेली. काळे पिल्लू त्याच्या जागी वाढवायचे होते. मेंढरांत वाढले तरच कुत्रे राखण करते. बाकीची चार वाटली गेली होती. आणि शुक्रवारी त्याचा कळप मंगळवेढ्याकडे निघणार होता.

त्याचा कळप बसला होता त्या रानात प्रियदर्शनी स्कूटीवरून थेट गेली.

"तीन दिवस दुधाचं विचारताय! लांडग्याचं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी पिल्लू दिलं असतं."

"मग?"

"मग मी कशाचं निमित्त करून फोन केला असता?"

वारा पडला होता. मेंढरे रवंथ करत होती. तिचे कान तापले.

"मूर्ख आहात तुम्ही! दोन कोकरं गेली, आणि…"

"व्हय की."

"आत्ता चला. पिल्लू घेऊन जा."

"तुमच्या हातनं न्हाय. आईंनी दिलं तरच."

"मग उद्या निघायच्या आधी या. नाही आलात तर बघा!"

शुक्रवारी सकाळी सहाला कळप निघायचा होता. आठ वाजता बिरुदेव महानंदाबाईंसमोर, खालच्या पायरीवर बसला. प्रियदर्शनी दाराआड उभी होती. ऑफिसला गेली नव्हती.

"आई, पिल्लू नेऊ?"

महानंदाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. आवाज चढला.

"पिल्लाचं बरं इचारतोस! रोज संध्याकाळी फोनवर पोर माझ्यासमोरच बोलती. तिचं कवा इचारणार?"

दाराआड बांगड्या वाजल्या. बिरुदेव मान खाली घालून बसला.

सव्वानऊ वाजले. कळप अजून रानातच आहे. बिरुदेव पायरीवरून उठलेला नाही, आणि पिल्लू महानंदाबाईंच्या मांडीवर आहे.