सासूबाईंच्या पायाची चांदी

जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये चांदी असते म्हटलं, की पाहुणे आधी हसतात आणि घरी जाऊन कपाटं उचकतात. आमचं पोटच त्यावर चालतं. दवाखान्यांतून पोत्यांनी फिल्म येतात. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवल्या की वरचा थर सुटतो, चित्र जातं, कोरं निळसर प्लास्टिक उरतं. तळाशी काळा गाळ बसतो. तो वाळवून मुशीत वितळवला की चांदीची लगड तयार. यात जादूबिदू काही नाही. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे, आणि नवऱ्याच्या मते घरात तेवढीच एक कटकट आहे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंची नडगी मोडली. पायाला भिंगरी लागलेली बाई, खुर्चीत अडकून बसली. हाड काही जुळेना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण कुबडी सुटेलच असं नाही. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. लगेच माझ्यावरच खेकसल्या, "बघतेस काय? चहा टाक!"

नुसतं बसून करायचं काय, म्हणून त्या पोत्यातल्या फिल्म निवडू लागल्या. "ह्याच्या बरगड्या बघ गं, बायको जेवायला घालत नसणार." अशी त्यांची करमणूक. आणि त्याच नादात एके सकाळी त्यांनी स्वतःचीच फिल्म टाकीत भिरकावली.

"अगं बाई! सूनबाई, माझी नडगी गेली!"

मी चिमट्यानं ती शोधून काढली. बाकी सगळ्या फिल्म कोऱ्या झाल्या होत्या. हिच्यावर नडगी तशीच होती. फक्त तिच्यावरची तिरकी भेग, खाली दोन फाटे फुटलेली, तेवढी नव्हती.

थर अर्धवट सुटला असेल, मी म्हटलं. पण ऑपरेशनसाठी नवी फिल्म काढली, तर हाड अखंड! डॉक्टर नुसते चष्मा पुसत बसले.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मी म्हणाले.

"तुटायला नाही, जुळायला," सासूबाई म्हणाल्या, आणि प्लास्टर निघाल्यावर थोड्याच दिवसांत एकट्या बाजारात जाऊन आल्या. त्यांना हातात पिशवी घेऊन फाटकातून येताना पाहिलं आणि आनंदानं मीच रडले.

त्या टाकीतल्या गाळाची लगड ओतली, तर तिला भेग पडली. तिरकी, खाली दोन फाटे.

"मूस ओली असेल," नवरा म्हणाला. आम्ही पुन्हा वितळवली. भेग पुन्हा तिथंच. भराभर थंड होत असेल, मी म्हटलं, आणि लगड खालच्या मजल्यावरच्या सोनारकाकांना देऊन टाकली.

त्याच संध्याकाळी काका दुकानाच्या पायरीवरून पडले. नडगी मोडली. भेटायला गेले तेव्हा त्यांनी फिल्म दाखवली. मी ती खिडकीसमोर धरली. तिरकी भेग, खाली दोन फाटे. म्हातारी माणसं पडतात, असं मनाला बजावलं आणि घरी आले.

आज दुपारी काका जिना चढून आले. कुबडी काखेत नव्हती, खांद्यावर होती.

"अहो काका, हे काय?"

"गंमतच झाली बघ. सकाळपासून ठणकत होतं. आता काही नाही!" त्यांनी प्लास्टरवर टिचकी मारली.

"कधी थांबलं?"

"आत्ताच की. जिन्यात तुझी ठमी भेटली, तिच्या हातात घुंगरांची साखळी दिली, तेव्हा. पळाली गच्चीवर, मैत्रिणींना दाखवायला."

"कसली साखळी?"

सासूबाई लाजल्या. "मीच करायला सांगितली होती. माझ्या पायाची चांदी ती, म्हटलं परक्याकडे कशाला जायला हवी? नातीलाच होऊ दे."

मी जिन्याकडे धावले.

"ठमे, जागची हलू नकोस!"

"आले गं आई! माझी साखळी बघ!"

वर बारीक घुंगरू वाजले. मग जिन्यात. दोन-दोन पायऱ्या, एकेका उडीत.