सरावाच्या बोर्डावर हिवऱ्याची पत्ती पडली

भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्याला वाटतं, त्यानं वऱ्हाडातली मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही.

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आईच्या सख्ख्या मामांची, शालिग्राममामांची. तुम्ही हसा, माझी हरकत नाही. मीही आधी हसलोच होतो.

साल १९६८. बुलढाणा जिल्ह्यातलं टेलिफोनचं एक छोटंसं ऑफिस. गावाचं नाव सांगत नाही.

तेव्हा फोन आपोआप लागत नसे. एखाद्या गावाहून फोन आला, की त्या गावाच्या नावाची पत्ती बोर्डावर खट्कन पडायची. ऑपरेटर तिथं पिनेची दोरी, म्हणजे वायर, लावून विचारायचा, "नंबर?" आणि हवं ते गाव जोडून द्यायचा.

शालिग्राम तिथला एकटाच ऑपरेटर. जोडीदाराची बदली झाली, त्याच्या जागी कोणी आलंच नाही. जेवण बोर्डासमोर, डुलकी बोर्डासमोर. अरे बाप्पा, माणूस होता की घाण्याचा बैल!

आणि तिकडे हिवरा आश्रमाजवळच्या खेड्यात त्याची माय, रुक्मिणीबाई, अंथरुणाला खिळलेली. निरोपावर निरोप येत होते. 'माय तुलेच विचारते.'

रजा मिळणार होती, पण एका अटीवर. नवी आलेली अन्नपूर्णा परीक्षेत पास झाली पाहिजे. ती बोर्डावर बसली, की हा मायकडं जायला मोकळा.

म्हणून त्यानं सरावाचा बोर्ड उभा केला.

मोडीत निघालेलाच बोर्ड. त्यावर गावांची नावं सगळी होती... शेगाव, मेहकर, अमडापूर, हिवरा. पण तार एकाही गावाला गेलेली नव्हती. सगळ्या तारा फळीच्या आडभिंतीपलीकडे, शालिग्रामच्या टेबलापर्यंत. तिथं बसून तो बटण दाबायचा, पत्ती पाडायचा, आणि ते गाव बनून बोलायचा. शेगावचा घाईतला लॉजवाला तोच, अमडापूरचा अडत्या तोच, मेहकरचा फौजदारही तोच.

हिवऱ्याची पत्ती पडली, की अन्नपूर्णा आधीच हसायला लागायची.

कारण हिवरा म्हणजे त्याची माय. जन्मात फोन हाती न धरलेली म्हातारी फोनवर कशी बोलेल, त्याची नक्कल.

"काय वं बाई, हे कुठून बोलाचं असते? इकून का तिकून? माह्या शालिग्रामले बलाव... बरं, ठेवतो मंग."

नक्कल झाली की तो आपल्या आवाजात बजावायचा, "समोरचा 'ठेवतो' म्हणेपर्यंत दोरी काढाची नाही. आन एखाद्याले 'थांबा' म्हटलं, तर त्याले तसंच ठेवून इसरू नका."

परीक्षेच्या आदला दिवस. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खरा बोर्ड गप्प होता.

बोलून बोलून शालिग्रामचा घसा बसला. उठताना त्यानं नेहमीसारखे सरावाच्या बोर्डाचे सेल काढून खिशात टाकले. सेल सरकारी, उगाच कशाला जाळायचे? मग "पानी पिऊन येतो" म्हणत तो मागच्या ओसरीत माठाकडे गेला.

गडू तोंडाला लावला...

आणि आत आवाज झाला.

खट्.

पाठोपाठ अन्नपूर्णा बोलली. "नंबर?... हाव आजी, इकूनच बोला... शालिग्रामभाऊ? ते पानी पिऊन राह्यले... बरं आजी, थांबा. बलावतो त्याईले."

मग तो परत येऊन बसला असं समजून ती खिदळत आडभिंतीकडे ओरडली, "भाऊ, आज तर खोकला पन काढला तुमी! लयच भारी!"

शालिग्राम मागच्या दारात उभा. हातात गडू.

ती वळली. तिनं त्याला पाहिलं. मग आडभिंतीकडे पाहिलं.

"भाऊ... मंग तिकडं कोन हाय?"

तिकडं खुर्ची रिकामी होती.

त्यानं खिसा चाचपला. सेल खिशातच होते. सरावाच्या बोर्डावर हिवऱ्याची पत्ती पडलेली, तिथं दोरी लावलेली.

त्यानं हेडफोन कानाला लावला.

आधी काहीच नाही...

मग खोकला. कोरडा, दम लागलेला. त्याच्या नकलेत खोकला कधीच नव्हता. तो घरून निघाला तेव्हा माय खोकत नव्हती.

"शालिग्राम... आला का बाबू?"

त्यानं तोंड उघडलं. अख्ख्या जिल्ह्याचे आवाज काढणारा तो, पण त्याचा स्वतःचा आवाज काही फुटेना.

"बरं... थांबतो मी."

पुढं शांत. पण कोणीतरी पलीकडे कान देऊन बसलेलं... हे त्याला कळत होतं.

अन्नपूर्णानं दोरीला हात घातला. त्यानं तो धरला.

"नको. तिनं ठेवतो म्हटलं नाही."

हेडफोन कानालाच ठेवून तो बसून राहिला; अर्ध्या तासानं खरा बोर्ड वाजला. मायच्या शेजारचे पुंजाजी. सायकल हाणत फोनापर्यंत आले होते.

"शालिग्राम, माय गेली रे. आत्ताच. पानी पाजून राह्यलो होतो, तं तिनं तोंड फिरवलं. म्हने, माहा शालिग्राम पानी पिऊन राह्यला, त्याले येऊ द्या."

शालिग्राम लहान लेकरासारखा रडला. इतके दिवस ज्या रजेसाठी राबला, ती रजा मिळाली तेराव्यासाठी.

सरावाचा बोर्ड त्यानं पुढं भंगारातून विकत घेतला. निवृत्तीनंतर अमडापुरात राहिला, तिथंही बोर्ड सोबत. लावलेली ती दोरी कोणाला काढू दिली नाही. रोज दुपारी हेडफोन लावून म्हणायचा, "माय, आलो वं." उत्तर कधी आलं नाही. भर उन्हात मात्र पाण्याला शिवायचा नाही. ऊन उतरलं, की मग प्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात मामा अमडापुरातच वारले. बोर्ड आमच्या घरी आला. म्हाताऱ्या अन्नपूर्णाबाई भेटायला आल्या, तेव्हा बोर्डासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "थांबा म्हननारी मीच होतो ना बाप्पा," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

परवा दुपारी मी घरात एकटाच होतो. माठातून पाणी घेत होतो.

खट्.

जाऊन पाहिलं. हिवऱ्याची पत्ती होती तशीच, दोरीही तशीच.

शेजारची पत्ती नव्यानं पडली होती.

अमडापूरची.

दुसरी दोरी तिथंच लोंबते आहे. मी अजून तिला हात लावलेला नाही.