नईमच्या आवारातलं गाऱ्हाणं

बासित, दिवा राहू दे. प्रवीण, तू हसतोयस ना, हस. गुंडू परब माझ्याच खोलीत राहायचा, इथे आखातात, हूऱ्याच्या वस्तीत. ऐकीव काही सांगत नाही.

१९९६चा नोव्हेंबर. कणकवलीकडचा गुंडू नईम मोहल्ल्यात एका अरबाबाकडे, म्हणजे अरब मालकाकडे, ड्रायव्हर होता. घराच्या बाजूला चिंचोळं आवार, वर्षानुवर्षं बंद. काटेरी झुडपं पार डोक्याइतकी उंच. अरबाब म्हणाला, इथे बाग कर, झाली की पासपोर्ट आणि महिन्याची सुट्टी. घरी मथुरा एकटी, दिवस भरत आलेले. गुंडूने त्याच दिवशी कुदळ आणली.

पण कोकणातला माणूस! जागेला मान दिल्याशिवाय कुदळ कशी मारेल? मनामाच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, मीच त्याला नारळ आणून दिला. त्यावर दुकानदाराने लावलेला निळ्या रंगाचा ठिपका होता. मी बजावलं, "बाबा रे, फोड आणि गप्प बस. परक्या जागेत नावगाव सांगू नकोस." ऐकतोय कसला! हात जोडून त्याने घरच्यासारखं गाऱ्हाणं घातलं, "जागेवाल्या म्हाराजा, मी परबांचो गुंडू. घराकडे माझी मथुरा एकटी आसा. तिका सांभाळ."

सकाळी नारळाची दोन्ही भकलं गायब. मांजरं असतील, म्हणाला. आठवड्यात झुडपं गेली, खालच्या मातीत शिंपल्यांचा चुरा लागला, मेंदीची रोपं उभी राहिली. स्वारी खूश होती.

चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळचे सहा, गावाकडे साडेआठ. गुंडूने शेजारच्या स्मिताकडे फोन लावून मथुराला बोलावलं.

"तुमी धाडलेलो माणूस इलो हां," ती म्हणाली.

"खंयचो माणूस?"

"चार दिस झाले. तिन्हीसांजेक येता. खळ्यात उभो रवता. तोंड दिसणा नाय."

"काय बोलता?"

"एकच. 'तिका सांभाळ.'"

गुंडूने रिसीव्हर कानाशी दाबला.

"अहो... आवाज तुमचोच आसा."

"अजून काय म्हणता?"

"आज म्हणता, घरात घे."

"मथुरा, नको! दार..."

फोनचं कार्ड संपलं.

गुंडू धावत अरबाबाकडे गेला. "बाग खलास?" अरबाबाने विचारलं. "मफी अरबाब, अभी नहीं, लेकिन घर में..." "खलास होगा, तब जाओ." पासपोर्ट तिजोरीत. मध्ये समुद्र. काय करणार बिचारा?

आवारात जाऊन तो गुडघ्यांवर बसला. आपले शब्द परत मागितले. रडला. मी त्याच्या मागोमाग आलो होतो, दाराशी उभा होतो. कुणी ऐकत नव्हतं. ऐकणारं तिथे उरलंच नव्हतं.

स्मिताचा फोन पुन्हा लागला नाही. सोळा दिवस. मग बाग पुरी झाली, पासपोर्ट मिळाला, तो गावी गेला.

पुढचं त्याने मला पत्रात लिहिलं. तो इथे परत आलाच नाही.

घरी पोचला तेव्हा तिन्हीसांज होती. दार आतून बंद. त्याने कडी वाजवली.

"कोण?"

"मी. गुंडू."

आतून हळूच,

"गुंडू घरातच आसा."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मथुरा होती. पाळण्यात मुलगी होती. दुसरं कुणी नाही. मथुरा रडली नाही, हसली नाही. सारखी मागे वळून बघत होती.

पाळण्याखाली एक करवंटी. तिच्यात माती, पांढुरकी, शिंपल्यांच्या चुऱ्याची. त्यांच्या गावची माती तांबडी, समुद्र कोसांवर.

गुंडूने करवंटी उलटी केली.

निळा ठिपका.