आवाज आधी येतो

पौषातल्या त्या दुपारी ग्वाल्हेरवर असे दाट धुके उतरले होते की पाटणकर बाजारातल्या रिक्षांचे नुसते भोंगे ऐकू येत. रिक्षा दिसत नसत. राघवपुढे मात्र अगदी साधे काम होते. टीव्हीवरचा आवाज आणि चित्र जुळवायचे होते.

त्याचे वडील, लक्ष्मीकांतराव, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. फुप्फुसांनी दगा दिला होता आणि डॉक्टरांनी ‘घरी न्या’ एवढेच म्हटले होते. राघव कार्यालयाचे काम बाहेरच्या खोलीत बसून करी. म्हणून त्याने जुना मोबाइल उशाशी उभा केला आणि त्यातले चित्र व आवाज घरातल्याच राउटरवरून बाहेरच्या टीव्हीवर घेतले. बाबांनी हाक मारली आणि आपल्याला कळलेच नाही, असे होऊ नये, एवढीच त्याची धडपड होती.

“अहो, हे तर उलटंच झालं,” त्याची पत्नी सीमंतिनी म्हणाली. “टीव्ही पहिले खोकतो, बाबा नंतर!”

“चित्र जड असतं, आवाज हलका. चित्र मागं पडतं. लॅग आहे, दुसरं काही नाही.”

त्याने राउटर बंद करून पुन्हा लावला, चित्राचा दर्जा कमी केला, शेवटी राउटरपासून टीव्हीपर्यंत केबल ओढली. अंतर घटण्याऐवजी वाढतच गेले.

“लॅग काय रे?” आतून क्षीण आवाज आला. लक्ष्मीकांतरावांनी उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवला होता. “विलंब म्हण.”

“विलंबच, बाबा.”

विलंब पारखायचा सोपा उपाय म्हणजे टाळी. सीमंतिनीला टीव्हीपाशी उभे करून राघव आत गेला आणि मोबाइलसमोर हात पसरून उभा राहिला.

“ऐकू आली हो!” बाहेरून ती म्हणाली.

त्याचे हात अजून दूरच होते.

“काय... ऐकू आलं?”

“टाळी. एकच. आता थांबलात कशाला?”

“वाजव ना रे,” बाबा पुटपुटले. “किती वेळ अवघडून उभा राहशील?”

आणि त्याने टाळी वाजवली. एकच.

चित्र मागे पडत नव्हते. आवाजच पुढे धावत होता.

हे तो कोणालाही बोलला नाही. टीव्हीतून ‘पाणी’ असे ऐकू आले की तो पेला घेऊन आत जाई. बाबांचे ओठ तेव्हा कुठे विलग होत. “न मागताच?” म्हणून ते हसले. घटकाभर त्याला तो बिघाड देवाची कृपाच वाटला. पण दिवेलागणीला टीव्हीतला श्वास अडखळू लागला. मग तो अडकला. पुढचा आलाच नाही. मग शांतता, आणि त्या शांततेत राघवचाच फाटलेला आवाज: “बाबा!”

त्याने टीव्ही बंद केला. पुढे काय होते, ते त्याने ऐकले नाही.

तो आत येऊन पलंगाशी बसला. खोलीत कापराचा आणि शेगडीतल्या विझत्या कोळशांचा वास कोंडला होता. ती हाक आपण मारलीच नाही, तर कदाचित तिच्या आधीचेही घडणार नाही... बुडत्याने धरावी तशी ही काडी त्याने घट्ट धरली.

“राघवा... काही बोल ना...”

त्याने मफलरचे टोक तोंडात कोंबले. बाबांचा हात रजईवर चाचपडला आणि तिथेच राहिला. श्वास अडकला. पुढचा आला नाही.

मौनाचा काही उपयोग झाला नव्हता. एका शब्दासाठी आसुसलेल्या बापाला त्याने निःशब्द जाऊ दिले होते. मफलर गळून पडला.

“बाबा!”

सीमंतिनी दारात आली. तिच्या मागे टीव्हीचा निळसर उजेड होता. तिने तो पुन्हा लावला होता.

“अहो, बाबांना बरं वाटतंय ना?” ती हळूच म्हणाली. “मघाशी टीव्हीवर ऐकलं मी, तुम्ही हाक मारलीत, तेव्हा ‘ओ’ दिली त्यांनी. चांगली खणखणीत.”

“मघाशी...?”

“हो. मग बराच वेळ बोलत होते तुमच्याशी.”

“काय... काय बोलत होते?”

“ते नाही कळलं,” ती म्हणाली. “पण तुम्ही सारखं ‘नको, नको’ म्हणत होतात.”

राघवने बाबांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिले. नजर काढून घेण्याचे धैर्य त्याला झाले नाही.