एकशे बारा नंबरचा माग

लाइट गेलीच आहे तर बसा पोरांनो. खोटं निघालं तर उद्याची मावा जिलेबी माझ्याकडून.

गोष्ट माझ्या साडूच्या पोराची, हर्षलची. बुधवारा मोहल्ल्यात राहतो, नेटवर्कचं काम करतो. गेल्या पौषातली अमावस्येची रात्र. एका दवाखान्याचं कनेक्शन सकाळपर्यंत चालू करायचं होतं. तो आणि त्याचा जोडीदार निलेश डेटा सेंटरवर गेले. जुन्या पॉवरलूमच्या शेडमध्येच थाटलेलं ते.

काम साधं. केळीच्या बागेत एका मेन पाइपातून निरनिराळ्या तुकड्यांना पाणी सोडतो ना, तशी एका तारेतून निरनिराळ्या गिऱ्हाइकांची माहिती सोडायची. हरेक वाटेला नंबर, त्याला म्हणतात व्हीलॅन. नंबरांचा साठा, म्हणजे पूल, आपण भरायचा. कोणता कोणाला द्यायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. जुने इंजिनिअर नंदकुमार यांनी साठ्यातून एकशे बारा तेवढा गाळलेला. हर्षलनं त्यांना फोन लावला.

"काका, एकशे बारा राहून गेला का?"

"राहिला नाही रे, सोडला. त्याच शेडमध्ये त्या नंबरच्या मागावर कडू नावाचा विणकर पट्ट्यात ओढला गेला. माणूस खाल्लेल्या मागाचा नंबर आपल्याकडं परत कुठं लिहीत नाहीत."

रॅकच्या, म्हणजे यंत्रांच्या लोखंडी कपाटाच्या मागून निलेश खिदळला. "अबे भर ना यार! कॉम्प्युटरला काय माहीत कडू कोण?"

हर्षलनं भरला. सॉफ्टवेअरनं निलेशच्या हातातल्या तारेला नेमका तोच दिला.

खट्... खटाखट्... खटाखट्...

शेडमध्ये माग एकही नव्हता.

निलेश किंचाळला. तार त्याच्या मनगटाला वेढे घालत होती. हात कोपरापर्यंत रॅकच्या आत ओढला गेला. हाड मोडलं. ऊस मोडावा तसं.

हर्षलनं नंबर काढायला घेतला. स्क्रीनवर उत्तर: वापरात आहे, काढता येत नाही.

पुन्हा दाबलं. वापरात आहे.

तार गळ्याला आली.

पक्कड घेऊन तो धावला. रॅकचं दार तोंडावर आदळलं. दात पडले. पुन्हा आदळलं. डोळ्यांत रक्त. चाचपडत तार धरली... ती त्यालाही ओढू लागली... कच्चकन तोडली.

शांत...

रक्ताळल्या बोटानं त्यानं नंबर काढला. या वेळी निघाला.

"आणि निलेशदादा?" सायली, तू विचारणारच.

वाचला. दोन बोटं गेली, ती सापडली नाहीत. प्लास्टर घालताना त्याच्या आईनं हात पाहिला होता, उघडा, स्वच्छ पुसलेला. दीड महिन्यानं डॉक्टरांनी प्लास्टर कापलं आणि...

आत कापड होतं. मनगटापासून कोपरापर्यंत, कातडीलगत विणलेलं. कोरं सूत. सांधा नाही, गाठ नाही.

कोपराशी धागे सुटेच होते. पुढचं विणायचं राहिलं होतं.