बिंदू कुठेही घ्या

तिच्या कोऱ्याकरकरीत कागदावर त्याने चहाचा कप ठेवला. ठेवला तो ठेवला, वर उचललाही… आणि खाली राहिला एक गोल, ओला, तपकिरी डाग.

“अहो!” ती जवळजवळ ओरडलीच.

“अरे वा,” तो म्हणाला, “वर्तुळ आलं की आयतं!”

आता माणसाने माफी मागावी, निदान रुमाल तरी काढावा. ह्याने पेन काढलं. त्या डागावर तीन टिंबं दिली, ती जोडली आणि त्रिकोण काढून मोकळा झाला. त्रिकोण तरी कसला! एक बाजू वाकडी, दुसरी त्याहून वाकडी. तिने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. तिच्या पिशवीत पुसूनपासून ठेवलेला कंपास होता, पट्टी होती, टोक काढलेल्या पेन्सिली होत्या. कॉलेजात मुलं तिला पाठीमागे ‘पट्टी मॅडम’ म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं.

“हे भूमितीचं टेबल ना?” त्याने विचारलं. “मग मी तुमच्या समोर. मी शाळेत शिकवतो. माझी वर्तुळं फळ्यावर बटाट्यासारखी येतात, म्हणून पोरं मला बटाटे सर म्हणतात. माझ्याकडूनच ऐकलेलं बरं, नाहीतर दुसरं कुणीतरी सांगणारच.”

हसायचं नाही असं ठरवूनही तिला हसू आलं. ते लपवायला तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला.

शाळेचा मोठा हॉल सुटीत गणित स्पर्धेच्या तपासणीसाठी मिळाला होता. एका टेबलावर एकच प्रश्न. प्रत्येक उत्तर दोघांनी वेगवेगळं तपासायचं, आपापल्या चिठ्ठीवर दहापैकी मार्क लिहायचे आणि मग चिठ्ठ्या समोरासमोर ठेवायच्या. आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर जुळेपर्यंत भांडायचं! खिडकीजवळचं टेबल भूमितीच्या प्रश्नाचं होतं, आणि तिथला गठ्ठा तिने सकाळपासून तीनदा मोजला होता.

कारण तो प्रश्न तिचाच होता.

हे एकट्या मोठ्या सरांना माहीत होतं. मोठे सर म्हणजे स्पर्धेचे मुख्य परीक्षक. प्रश्न कुणी काढला हे निकाल लागेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, असा त्यांचा दंडक. पंधराव्या वर्षी ती स्वतः ह्या स्पर्धेला बसली होती, आणि तेव्हापासून एकच स्वप्न होतं, प्रश्न काढणाऱ्यांच्या समितीत आपण असावं. ‘ह्या वर्षी हा प्रश्न नीट पार पडला, की पुढच्या वर्षी तू समितीत,’ मोठे सर म्हणाले होते. घरी ताईने मात्र नाक मुरडलं होतं. “त्रिकोणाशीच लग्न लाव आता. मी अक्षता टाकते.”

प्रश्न दिसायला साधा होता. दोन बाजू सारख्या असलेला एक त्रिकोण घ्या. त्याच्या तिन्ही टोकांतून जाणारं वर्तुळ काढा. त्या वर्तुळावर एक बिंदू कुठेही घ्या. त्या बिंदूपासून पायाच्या दोन टोकांपर्यंत दोन रेषा काढा आणि शेंड्यापासून त्यांतल्या एका रेषेवर लंब टाका. आता सिद्ध करा, की बिंदूपासून त्या लंबाच्या पायापर्यंतच्या अंतराची दुप्पट म्हणजे त्या दोन रेषांची बेरीज.

“काय प्रश्न आहे हो!” तो पहिल्याच तासाला म्हणाला. पेन तोंडात, डोळे छताकडे. “दुसऱ्या रेषेवरही लंब टाकला की दोन त्रिकोण अलगद एकमेकांवर येऊन बसतात. बाकी काही करायलाच नको. आणि तो दुसरा लंब कुणी सुचवत नाही, आपल्यालाच सुचावा लागतो. ज्याने हा काढला ना…”

“ज्याने?” तिने मान वर न करता विचारलं.

“कुणीतरी म्हातारे गृहस्थ असणार. शांत. कधी आवाज न चढवणारे. ह्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं मला.”

तिचे कान गरम झाले. “तपासा,” ती म्हणाली, “गठ्ठा तसाच आहे.”

तपासताना मात्र दोघांचं जमेना. ती मार्कांच्या बाबतीत भलतीच चिक्कू, आणि हा उधळ्या. एका मुलाने सगळी आकृती आकडेमोडीत बुडवून पानंच्या पानं भरली होती आणि शेवटी एका चिन्हाने घोटाळा केला होता. तिने चार दिले, त्याने आठ.

“आठ? कशाचे?”

“पोहत आलाय हो बिचारा अख्खा समुद्र. काठाशी पाय घसरला.”

“उत्तर चुकलंय.”

“उत्तर चुकलंय, विचार चुकला नाही. हे बघा…” आणि तो खुर्ची पुढे ओढून एकेक ओळ बोटाने दाखवत गेला, आणि कंटाळला नाही. बोटाला खडूची पांढरी रेघ होती, सुटीतही. ती आकडेमोडीकडे बघत होती की त्या बोटाकडे, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. शेवटी सातावर तह झाला.

मग तिच्या लक्षात यायला लागलं, की हा माणूस गिचमिड अक्षर, खाडाखोड, अर्धवट सोडलेलं वाक्य, काहीही असो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. ती दुसऱ्या ओळीला चूक सापडली की थांबायची. हा थांबायचाच नाही. ‘ह्याला काय म्हणायचं होतं’ ते शोधत बसायचा, आणि सापडलं की लहान मुलासारखा हरखायचा. आपलं म्हणणं असं शेवटपर्यंत कुणी ऐकून घेतलं होतं का कधी? घरी ती बोलायला लागली की ताई भाजीला फोडणी द्यायला उठायची. त्या संध्याकाळी घरी जाताना पट्टी मॅडम चक्क गुणगुणत होत्या, आणि ताईने ते बरोबर टिपलं.

“काय गं? आज त्रिकोणाने काही बोलणी पाठवली वाटतं?”

“ताई, गप्प बस हं!” पण सांगून टाकलंच तिने. “एक जण आहे… आकृत्या भयंकर काढतो.”

“मग जमलंच म्हणायचं,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या समोरासमोर आल्या आणि दोघंही थांबले. तिच्या चिठ्ठीवर शून्य. त्याच्या चिठ्ठीवर दहा.

“हे काय?” ती म्हणाली. “मुलीने बेरजेऐवजी वजाबाकी सिद्ध केलीय. उलटंच केलंय सगळं! मी तिसऱ्या ओळीलाच सोडलं.”

“शेवटपर्यंत वाचलं नाहीत?”

“गरज काय होती?”

त्याने चहाचा कप उचलला. एक कोरा कागद तिने स्वतःच पुढे सरकवला, इतकी सवय झाली होती एव्हाना. कप टेकला, उचलला. ओल्या डागात त्याने तो आपला वाकडातिकडा त्रिकोण बसवला.

“बिंदू कुठे घेऊ?”

“इथे.” तिने पायाखालच्या कंसावर बोट ठेवलं.

“मीही तिथेच घेतला होता काल. सगळे तिथेच घेतात, रिकामी जागा दिसते ना. पण प्रश्नात काय म्हटलंय? कुठेही घ्या. ह्या पोरीने वर घेतला. इथे, शेंड्याच्या शेजारी.” त्याने वर टिंब दिलं, रेषा ओढल्या, लंब टाकला. “आता बघा… दोन त्रिकोण तसेच एकरूप. पण आता एका लंबाचा पाय बिंदूच्या ह्या बाजूला पडतोय आणि दुसऱ्याचा पलीकडे. बेरीज होतच नाही. वजाबाकी होते. पोरीचं बरोबर आहे. चूक प्रश्नात आहे.”

ती आकृतीकडे बघत राहिली. इतकी कुरूप आकृती, आणि इतकी खरी. आपण कितीदा काढली होती ही आकृती! कंपासने, पट्टीने, टोकदार पेन्सिलने… आणि दर वेळी बिंदू खाली. दर वेळी. ‘खालच्या कंसावर’ एवढे दोनच शब्द लिहायचे राहिले, आणि ते राहिलेत हे एवढ्या देखण्या आकृत्या काढूनही तिला दिसलं नव्हतं.

त्याने पत्रिकेचं शेवटचं पान उलटलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मला वजाबाकीच येते आहे. माझंच काहीतरी चुकलं असेल. माफ करा.’

ते वाचून तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“मोठ्या सरांना सांगायला हवं,” तो हळूच म्हणाला. “कदाचित प्रश्नच रद्द करतील. जिवावर येतंय हो माझ्या. इतका सुंदर प्रश्न… आणि ते म्हातारे गृहस्थ. त्यांना केवढं लागेल.”

आता तिच्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प बसावं. तो जाऊन सांगेल, प्रश्न कुणाचा हे गुपितच राहील, निदान ह्याच्या डोळ्यांत तरी ती पट्टी मॅडमच राहील, चूक न करणारी. आणि दुसरी…

“म्हातारे गृहस्थ नाहीत,” ती म्हणाली. “मी आहे. प्रश्न माझा आहे.”

त्याचं पेन टेबलावर पडलं. ते घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि त्याला ते उचलायचंही सुचलं नाही.

“तुम्ही?”

“हो. आणि सांगायचं असेल तर मीच सांगणार. तुम्ही इथेच थांबा.”

“छे! मी आकृती घेऊन येतो ना. तुम्ही पुन्हा बिंदू खाली काढाल.”

रडता रडता हसू येणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

मोठ्या सरांनी चष्मा वर केला, चहाचा डाग निरखला, टिंब निरखलं आणि बराच वेळ टकलावरून हात फिरवला. मग म्हणाले, “मीसुद्धा खालीच घेतला होता गं. समितीत एकानेही वर घेतला नाही. सगळे मोठे शहाणे!” त्यांनी सुस्कारा सोडला. “प्रश्न रद्द नाही करायचा. गठ्ठा पुन्हा बघा. ज्यांनी बिंदू वर घेतला, त्यांना त्यांच्या बाजूने न्याय द्या. पण बाई… समितीचं पुढच्या वर्षी नाही हं जमायचं. त्यानंतर बघू.”

“हो सर,” ती म्हणाली. तिला लागलं, खूप लागलं. पण मान खाली गेली नाही.

मग दोघांनी अख्खा गठ्ठा पुन्हा काढला. ह्या वेळी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती, एकही ओळ न सोडता. बिंदू वर घेणारे आणखी काही निघाले. कुणी वैतागून सोडून दिलं होतं, कुणी खाडाखोड करून बळेच बेरीज करून दाखवली होती. एकाने कागदाच्या कोपऱ्यात रडका चेहरा काढला होता. “आठ,” ती म्हणाली. “नऊ,” तो म्हणाला. “बरं, नऊ,” ती म्हणाली, आणि त्याने डोळे विस्फारून पाहिलं.

सगळ्यात शेवटी तिने त्या मुलीची पत्रिका पुढे घेतली. पत्रिकेवर एक अक्षरही लिहायचं नाही असा नियम, आणि नियम मोडणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पण निकालाबरोबर पत्रिका मुलांना परत जाणार होत्या. तिने लाल पेन उघडलं आणि ‘माफ करा’च्या खाली वळणदार अक्षरात लिहिलं, ‘तुझं बरोबर आहे. चूक प्रश्न काढणारीची. तुझ्यासारखं बघायला मलाही शिकायचंय.’

तो ते वाचत होता. बराच वेळ वाचत होता.

हॉल रिकामा होत आला होता. खिडकीतून वारा आला तशा चिठ्ठ्या फडफडल्या आणि दोघांचे हात एकदमच त्यांच्यावर पडले. तिने हात काढला नाही. त्यानेही नाही.

“माझी एक अडचण झालीय,” तो म्हणाला. उधळ्या माणूस, पण शब्द आता मोजून मापून येत होते. “काल सकाळपासून मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या प्रेमात होतो. आणि दुपारपासून… समोर बसलेल्या एका चिक्कू बाईंच्या. रात्रभर झोप नाही, म्हटलं आता दोन दोन कसं निभवायचं? आणि आज कळतंय की दोन्ही एकच. मला… मला फार आवडता तुम्ही. चूक कबूल करायला निघालात ना ताठ मानेने, तेव्हा तर…”

एवढं ऐकूनही टोमणा मारायची संधी ती थोडीच सोडणार!

“हे पुरेसं नाही,” ती म्हणाली. “सिद्ध करा.”

“आकृती काढू?”

“मी काढते.”

कपात घोटभर थंड चहा उरला होता. तिने तो बशीत थोडा सांडला, कप त्यात टेकवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कंपास पिशवीत असताना, कपानेच वर्तुळ उमटवलं. वेडंवाकडंच आलं. तिने त्यात त्रिकोण काढला, तोही वाकडा, आणि पेन त्याच्या हातात दिलं.

“आता तुम्ही बिंदू घ्या.”

“कुठे? वर की खाली?”

ती उठली. आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून ती त्याच्या बाजूला आली, आणि खांद्याला खांदा लागेल अशी खुर्ची टेकवून बसली.

“इथून बघून सांग,” ती म्हणाली. “बेरीज व्हायला हवी.”

त्याने बिंदू घेतला. टिंब जरा फराट्यासारखंच आलं.

“ताई विचारेल, आकृत्या अजून तशाच काढतो का,” ती म्हणाली.

“मग काय सांगशील?”

“सांगेन, की मीही आता तशाच काढते.”